पारदर्शक घनाकृतींचा सेट: लिटरच्या ठोकळ्यात लिटर मावत नाही, तरी मी परत पाठवला नाही

आधी सरळ सांगते, ५ पैकी ३ स्टार. दोन का कापले ते खाली लांबलचक लिहिलंय, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचा की ८वी ते १०वीच्या पोरांसाठी घ्यायला हरकत नाही पण खोक्यावर जे आकडे छापलेत त्यांच्यावर विश्वास ठेवू नका, आणि पावसाळ्यात तर मुळीच घेऊ नका.

मी गोव्यात, फोंड्याला घरीच गणिताच्या ट्युशन घेते, नववी आणि दहावीच्या. आमच्याकडची बरीच पोरं चौथीपर्यंत मराठी शाळेत आणि पाचवीपासून एकदम इंग्लिश मिडियम, त्यामुळे घनफळ हा शब्द त्यांना अर्धवट आठवतो आणि व्हॉल्यूम म्हटलं की मोबाईलचं बटण. सरफेस एरिया अँड व्हॉल्यूम हा धडा आला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण सूत्रं सगळ्यांना पाठ असतात, शंकूला एक तृतीयांश कुठून आला हे विचारलं की सगळे माझ्याकडे बघतात. दरवर्षी मी वर्तमानपत्राचा शंकू वळून त्यात रेती भरून दाखवायचे आणि दरवर्षी शंकू खालून फुटायचा. म्हणून यंदा एप्रिलमध्ये ऑनलाईन हा सेट मागवला. ११४९ रुपये. १२ आकार, सगळे पारदर्शक कडक प्लास्टिकचे, १० सेमीचे. ब्रँडचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण असेच सेट पाच-सहा नावांनी विकायला आहेत आणि मला वाटतं सगळे एकाच साच्यातून येत असावेत.

पॅकिंग चांगलं होतं, सहा दिवसांत आलं, काही फुटलेलं नव्हतं. आत घन, इष्टिकाचिती (विटेसारखी), वृत्तचिती (सिलिंडर), शंकू, गोल, अर्धगोल, चौरस पायाचा पिरॅमिड, त्रिकोणी पायाचा पिरॅमिड, त्रिकोणी प्रिझम, षट्कोनी प्रिझम आणि एक छोटी आणि एक आडवी वृत्तचिती, असे १२. प्रत्येक आकार सगळ्या बाजूंनी बंद, एका बाजूला करंगळी जाईल एवढं भोक आणि त्याला रबरी बूच. प्लास्टिक छान स्वच्छ आहे, काचेसारखं, दोनदा फरशीवर पडलं तरी तडा गेला नाही. सोबत एक इंग्लिश पत्रक, त्यात शंकूच्या चित्रात उंची म्हणून तिरकी उंची दाखवलीय! म्हणजे पोरं परीक्षेत जी चूक हमखास करतात तीच पत्रकवाल्यांनी छापून दिली. ५ सेमी त्रिज्या आणि १० सेमी उंचीच्या शंकूची तिरकी उंची ११.१८ सेमी येते, ती धरून घनफळ काढलं की उत्तर सव्वाअकरा-बारा टक्क्यांनी फुगतं. ते पत्रक मी फाडलं नाही, वर्गात चूक शोधा म्हणून देते आता.

आता मुख्य गोष्ट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की १० सेमीचा घन म्हणजे बरोबर १ लिटर. आमच्या सासूबाईंना तो घन फार आवडला, त्यांनी मी नसताना दुधाच्या अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या आणून नरसाळं लावून त्यात ओतल्या, दुसरी पिशवी पाऊणभर जाते न जाते तोच दूध भोकातून वर, ओट्यावर, ओट्यावरून खाली, मांजर खूश. आईंचं म्हणणं असं की पिशवीत दूध जास्तच घालतात, चांगले लोक आहेत. मी वजनकाटा काढला. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा असतो ना, त्यावर रिकामा घन ठेवून शून्य केला आणि पाणी भरलं. १ ग्रॅम पाणी म्हणजे १ मिली, एवढ्या कामाला पुरतं. आकडा आला ८८४ ग्रॅम. पुन्हा भरलं, ८८५. म्हणजे लिटरच्या ठोकळ्यात ११५ मिली कमी! चहाचा मोठा कप भरेल एवढं.

मी तर रागाने परत पाठवायलाच निघाले होते, रिटर्नचं बटणही दाबलं होतं. पण संध्याकाळच्या बॅचमधला एक नववीतला मुलगा, वर्गात फारसं न बोलणारा, तो म्हणाला टीचर हा १० बाहेरून आहे. पट्टी लावून बघितलं तर खरंच, बाहेरून १० सेमी. प्लास्टिकची जाडी भावाच्या वर्कशॉपातून व्हर्नियर आणून मोजली, २ मिमी. दोन्ही बाजूंनी २-२ मिमी गेले की आत उरतात ९.६ सेमी, आणि ९.६ चा घन ८८४.७. काट्याने जे सांगितलं तेच. बाहेरून बघितलं तर हा ठोकळा १००० घनसेमी जागा अडवतो, पण आत मावतं ८८५ मिली. पहिलं घनफळ, दुसरी धारकता. बारा वर्षं शिकवतेय मी हा धडा आणि हे दोन शब्द वेगळे का आहेत हे पोरांना कधी पटवता आलं नव्हतं, पुस्तकातही एका ओळीत येतं, भिंतीची जाडी नगण्य मानू, आणि झालं. इथे ती नगण्य जाडी दूध बनून ओट्यावरून वाहिली.

रिटर्न रद्द केलं.

मग शंकू. ज्याच्यासाठी सेट घेतला तो. वृत्तचिती आणि शंकू दोन्ही बाहेरून १० सेमी व्यासाचे आणि १० सेमी उंच, म्हणजे तीन शंकू ओतले की वृत्तचिती काठोकाठ भरायला पाहिजे, सगळ्या जाहिरातीत तेच दाखवतात. आम्ही पाण्यात निळं घातलं, कपड्यांना घालतो ते, एक शंकू, दोन शंकू, तीन शंकू, सगळे श्वास रोखून, आणि वर पाऊण सेंटीमीटर जागा रिकामीच. एकीने लगेच विचारलं की मग एक तृतीयांश खोटं का? बघा, ही फजिती कुठलाही व्हिडिओ तुम्हाला दाखवणार नाही. परत काटा. वृत्तचितीत ६९५ मिली, शंकूत २१४. तीन शंकू म्हणजे ६४२, कमी पडले ५३ च्या आसपास. भागाकार ३ नाही, सव्वातीनच्या जवळ.

कारण काय? यावर आम्ही पूर्ण एक तास घालवला आणि पोर्शन मागे पडला तो वेगळा. बाहेरची मापं घेतली तर वृत्तचिती ७८५ आणि शंकू २६२, बरोब्बर तिप्पट. पण आतला शंकू बाहेरच्या शंकूपेक्षा किती आखूड होतो ते बघा: खालच्या तळाचे २ मिमी जातात ते जातातच, पण टोकाकडे भिंती तिरक्या येऊन एकमेकींना भिडतात, त्यामुळे आतलं टोक बाहेरच्या टोकाच्या साडेचार मिमी खाली सुरू होतं. म्हणजे उंची १० ची ९.३५ झाली, त्रिज्याही त्याच प्रमाणात कमी. वृत्तचितीचं नुकसान साडेअकरा टक्के, शंकूचं अठरा टक्के. पिरॅमिडचंही तसंच, घनात तीन पिरॅमिड ओतले तरी घन भरत नाही.

आणि गंमत म्हणजे गोल मात्र बरोबर येतो! गोलात पाणी ४६३ मिली. ६९५ च्या दोन तृतीयांश म्हणजे ४६३. एकदम नेमकं. कारण गोल आतून ९.६ व्यासाचा आणि वृत्तचितीही आतून ९.६ व्यासाची आणि ९.६ उंच, दोघेही सारख्याच प्रमाणात आकसले. गोल त्याला चपखल बसणाऱ्या वृत्तचितीच्या दोन तृतीयांश असतो हे आर्किमिडीजने सिद्ध केलं आणि त्याला याचा एवढा अभिमान की थडग्यावर हीच आकृती कोरलेली होती, रोमन वक्ता सिसेरो सिसिलीत अधिकारी असताना, इ.स.पूर्व ७५ मध्ये, त्याने झाडीत हरवलेलं ते थडगं त्या गोल आणि वृत्तचितीवरूनच ओळखलं. ही गोष्ट सांगितल्यावर पोरांना सूत्र विसरत नाही असा अनुभव आहे. माझ्या मते फक्त या एका प्रयोगासाठी अर्धे पैसे वसूल.

आपल्याकडची बाजूही सांगते, कारण पोरांना वाटतं मोठ्या लोकांना सगळं आधीपासून येत होतं. आर्यभटाने ४९९ मध्ये पिरॅमिडसारख्या टोकदार आकाराचं घनफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मं दिलंय, एक तृतीयांश नाही, निम्मं. त्रिकोणाचं क्षेत्रफळ निम्मं असतं त्यावरून ते आलं असावं असं मला वाटतं, आणि नववीतली पोरं आजही अंदाज विचारला की निम्मंच सांगतात. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने एक तृतीयांश बरोबर दिलं. म्हणजे ज्याला निम्मं वाटलं त्याने लाजायचं कारण नाही.

आता तक्रारी. भोक. भोकाचा व्यास एवढा लहान आहे की तांदूळ घातले की अडकतात, रवा ठीक जातो, पाणी घातलं की गुळगुळ करत बुडबुडे येतात आणि शेवटचा बुडबुडा कोपऱ्यात लपून बसतो, घनाला तर आठ कोपरे, चांगला हलवून हलवून काढावा लागतो, नाहीतर ५-७ मिलीचा फरक. नरसाळं सेटमध्ये द्यायला हवं होतं, पाच रुपयांची वस्तू. आणि दुसरं, आत हात जात नाही त्यामुळे पुसता येत नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हात उलटे ठेवले की वाळायचे. जूनमध्ये पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत पिरॅमिडच्या टोकात हिरवट काळं काहीतरी जमलं. गोव्यातला पावसाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, इथे चपलांवर, बेल्टवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर बुरशी येते, मग बंद प्लास्टिकच्या पोटात ओल राहिली तर काय होणार. व्हिनेगर आणि थोडे तांदूळ घालून खळाखळा हलवलं तेव्हा निघालं. कंपनीने झाकण उघडणारं करायला पाहिजे होतं, हा एक स्टार इथे गेला.

दुसरा स्टार कुठे गेला? यात शंकूछेद, म्हणजे टोक कापलेला शंकू, नाही. बारा आकार दिलेत, त्रिकोणी पायाचा पिरॅमिड दिलाय जो मी आयुष्यात कुठल्या घरात बघितला नाही, पण शंकूछेद नाही. घरात बघा ना जरा. बादली शंकूछेद. स्टीलचा पेला शंकूछेद. फुलझाडाची कुंडी, चहाचा कागदी कप, आइस्क्रीमचा डबा, सगळे वरून रुंद खालून अरुंद, कारण एकात एक रचता आले पाहिजेत. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातूनही तो भाग काढून टाकला, ओझं कमी करायला म्हणे, महाराष्ट्र बोर्डाच्या पोरांना अजून आहे. म्हणजे जो आकार रोज सकाळी आंघोळीला हातात येतो तोच ना पुस्तकात ना खोक्यात. आणि हा काही नवा फॅन्सी विषय नाही हो, मॉस्कोत ठेवलेल्या इजिप्तच्या एका पपायरसवर, इ.स.पूर्व १८५० च्या सुमाराचा, टोक कापलेल्या पिरॅमिडचं गणित सोडवलेलं आहे: उंची ६, खालची बाजू ४, वरची २. त्यांनी १६, ८ आणि ४ यांची बेरीज केली, २८, तिला ६ च्या एक तृतीयांशाने गुणलं, उत्तर ५६. आजच्या सूत्राने करा, ५६च येतं.

आम्ही मग घरची बादली घेतली. आतून वरचा व्यास २८, खालचा २१, उंची २५ सेमी. सूत्राने ११.८७ लिटर. आता जुगाड सांगते, वरची आणि खालची त्रिज्या यांची सरासरी घ्या, साध्या वृत्तचितीचं सूत्र लावा, ११.७९ येतं, म्हणजे ८० मिलीचा फरक, आंघोळीला चालतो! पण हाच जुगाड पूर्ण शंकूला लावला तर घात होतो, वरची त्रिज्या शून्य, सरासरी निम्मी, तिचा वर्ग पाव, म्हणजे एक तृतीयांशाऐवजी एक चतुर्थांश, चक्क २५ टक्के कमी. भिंती जितक्या सरळ तितका जुगाड खरा.

न्हाणीतलं तांब्याचं भाण (पाणी तापवायचं मोठं भांडं) मोजायचा पण बेत होता पण त्याचा आकार कुठल्याच सूत्रात बसत नाही, पोट फुगलेलं, गळा आवळलेला, शेवटी तांब्या मोजून मोजूनच भरलं. सासूबाई म्हणाल्या एवढं शिकून शेवटी तांब्यावरच आलात.

त्यांना मात्र एक गोष्ट आवडली. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० चा ग्रंथ, धान्याच्या राशीचं गणित आहे. सपाट जमिनीवर धान्य ओतलं की शंकूसारखी रास होते, तिची उंची मोजायची भानगडच नाही, कारण धान्याचा ढीग आपला उतार आपणच ठरवतो. त्यांनी सांगितलंय की जाड धान्याच्या राशीची उंची घेराच्या दहाव्या भागाएवढी, बारीक धान्याची अकराव्या, आणि कुसळवाल्या धान्याची, म्हणजे सालीसकट भात वगैरे, नवव्या भागाएवढी. मग घेराचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा, झालं घनफळ. पाय (π) नाही, त्रिज्या नाही, शेतकऱ्याला दोरी पुरते. आमच्याकडे गावाहून आलेलं भाताचं पोतं होतंच, खळ्यात ताडपत्री घालून रास केली, सुतळीने घेर ९० सेमी येईपर्यंत ओतत राहिलो. नववा भाग १० सेमी. पट्टी उभी धरली तर १० च्या थोडं वर. सूत्राने १५ चा वर्ग २२५ गुणिले १०, म्हणजे २२५० घनसेमी. आधुनिक सूत्राने साधारण २१५०. जेमतेम पाच टक्के जास्त, कारण हिशेबात पाय ३ धरलाय. हे झाल्यावर आईंनी माळ्यावरचं लाकडी माप काढून आणलं आणि त्यांच्या लहानपणी खळ्यावर कुडव आणि खंडीत भात कसं मोजायचे, माप भरताना हात कसा फिरवायचे, शिगोशीग भरलेलं आणि काठाने सपाट केलेलं यावरून भांडणं कशी व्हायची हे तासभर सांगितलं. शीग म्हणजे मापावरचा शंकूच की. पोरं वही मिटून ऐकत होती.

अजून एक गोष्ट या सेटमुळे झाली. घनमीटर आणि लिटर. दरवर्षी अर्धी पोरं १ घनमीटर बरोबर १०० लिटर लिहितात, कारण १ मीटर म्हणजे १०० सेमी, सवय. मी १० सेमीचा घन हातात दिला, बाहेरून मोजलेला हो, आणि विचारलं की मीटरभर लांब, रुंद, उंच खोक्यात असे किती बसतील. १० ची रांग, १० रांगा, १० थर, हजार. मग व्हरांड्यात मीटर-मीटरच्या बांबूच्या काठ्या सुतळीने बांधून खरा घनमीटर उभा केला आणि त्यात पोरांना बसवलं, पाचजण आरामात बसले, सहावा अर्धा. साळावली धरणात असे सुमारे २३ कोटी ४० लाख घनमीटर पाणी मावतं म्हटल्यावर एकाने विचारलं की मग आमच्या नळाला का येत नाही. त्याचं उत्तर माझ्या विषयात येत नाही.

नळावरून टँकर आठवला, हा किस्सा सांगितल्याशिवाय रिव्ह्यू पूर्ण होत नाही. मेमध्ये चार दिवस पाणी नव्हतं, आम्ही टँकर मागवला. कोणाचा ते सांगत नाही. बिलात ६५०० लिटर. टाकी लंबवर्तुळाकार, आडवी, आपण रस्त्यावर बघतो तशी. योगायोगाने बॅच चालू होती, पोरं टेप घेऊन धावली. रुंदी १.८ मीटर, उंची १.२, लांबी ३. ड्रायव्हरला विचारलं ६५०० कसे, तो म्हणाला मॅडम, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, ६.४८ घनमीटर, तुम्हीच शिकवता ना. हिशेब चोख होता, फक्त टाकी खोक्यासारखी असती तर. लंबवर्तुळाला पाय गुणिले ०.९ गुणिले ०.६ गुणिले ३, म्हणजे ५.०९ घनमीटर, ५०९० लिटर. खोक्याचे चार कोपरे कापले की साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच उरतं, गोल असो की लंबगोल, पाय भागिले ४. आमची जमिनीखालची टाकी आतून २ बाय दीड मीटर, म्हणजे ३ चौरस मीटर तळ, पाणी चढलं १ मीटर ६६ सेमी. ४९८० लिटर. बाकीचं शंभरेक पत्र्याच्या जाडीत, तळाशी उरलेल्यात आणि पाईपात गेलं म्हणूया. ड्रायव्हर हसला, पैसे पूर्ण घेतले आणि गेला. वाद घालण्यात अर्थ नव्हता, पाणी हवंच होतं. पण दुसऱ्या दिवशी पोरांनी टाकीच्या आतल्या भिंतीवर लाल ऑईलपेंटने दर ३३.३ सेमीला रेघ मारली, एक रेघ म्हणजे १००० लिटर, आता टँकर आला की आम्ही रेघा मोजतो आणि रेघांचे पैसे देतो, दोन वेळा चाललंय.

त्याच आडव्या टाकीवरून सेटमधली आडवी वृत्तचिती कामाला आली, नाहीतर ती का दिलीय मला कळलं नव्हतं. ती आडवी धरून चतुर्थांश उंचीपर्यंत पाणी भरा आणि काट्यावर ठेवा. पाव भरलीय असं वाटतं, प्रत्यक्षात साडेएकोणीस टक्केच. अर्ध्या उंचीला मात्र बरोबर अर्धी. पेट्रोल पंपावर जमिनीखालच्या टाकीत लांब दांडा बुडवून उंची बघतात आणि मग तक्त्यात लिटर शोधतात ते याचसाठी, उंचीच्या प्रमाणात लिटर वाढत नाहीत. आमच्यातल्या एकाच्या वडिलांचा पंप आहे, त्याला दांडा माहीत होता, तक्ता का लागतो ते आता कळलं.

मेअखेरीस एक माणकुराद आंबाही बुडवून बघितला, वेड्यावाकड्या वस्तूचं घनफळ कसं काढायचं ते दाखवायला. सेटमधलं एकही भांडं उघडत नाही म्हणून शेवटी स्वयंपाकघरातलं पातेलं काठोकाठ भरून त्यात सोडला, सांडलेलं पाणी २४० मिली आलं. नंतर तो आंबा कोणी खाल्ला यावर वाद आहे.

विकणाऱ्याला मी मेसेज केला होता की लिटरचा दावा चुकीचा आहे, आतलं माप लिहा. उत्तर आलं, मॅडम, बाहेरचं माप आहे, सगळेच तसंच देतात. खोक्यावर अजून १ लिटरच आहे. घेणार असाल तर घरी वजनकाटा आणि नरसाळं आहे का ते आधी बघा, आणि तीन शंकूंनी वृत्तचिती भरली नाही म्हणून शिक्षकांनी घाबरू नका. लहान मुलांना, तिसरी-चौथीच्या, नको, बूच तोंडात घालण्याएवढं लहान आहे.

आमच्या षट्कोनी प्रिझमचं बूच पावसात मोरीतून वाहून गेलं, त्यात सध्या पेन्सिली पण राहत नाहीत कारण भोक लहान. कोणाकडे हाच सेट असेल तर बुचाचा नेमका साईज कळवा, फोंडा मार्केटात रबराच्या बुचांचं दुकान आहे पण तो म्हणतो माप घेऊन या, आतलं की बाहेरचं तेही सांगा.